द्विधा, चलबिचल की घुटमळणं?

प्रश्न (सांगली): प्रसंग मार्केट यार्डातला. हळदीच्या सौद्यात भाव पुकारला गेलाय आणि शेतकरी द्यावी की न द्यावी अशा विचारात ढिगापाशी उभा आहे. ‘दुविधेत’ हिंदी वाटतं. ‘असमंजसात पडला’ चालेल का?

उत्तर (वाई): अजिबात नको. मराठीत असमंजस म्हणजे पोच नसलेला, समंजसच्या उलट. वाचक त्या शेतकऱ्यालाच अडाणी ठरवेल. ‘द्विधा’ आपलं आहे, पण ते मूळचं संस्कृत क्रियाविशेषण, ‘दोन प्रकारे’. म्हणून ‘द्विधेत सापडला’ऐवजी ‘मन द्विधा झालं’ लिहा. ‘द्विधा मनःस्थिती’ लिहिणार असाल तर विसर्ग गाळू नका. शिवाय वाटा दोनच हव्यात. आज विकायची, शीतगृहात ठेवायची की तारण ठेवून कर्ज उचलायचं, असे तीन फाटे फुटले की द्विधा लंगडं पडतं.

प्रश्न (सांगली): मग चलबिचल की घालमेल?

उत्तर (कराड): दोन्हींत बराच फरक आहे. आधी काहीतरी ठरलेलं असतं, त्याला हादरा बसला की चलबिचल. घरून विकायचं ठरवूनच निघालेला माणूस भाव ऐकून डळमळला, तर चालेल. हा शब्द घोळक्यालाही लागतो: ‘आवक बघून खरेदीदारांत चलबिचल सुरू झाली.’ घालमेल मात्र एकेकट्या जिवाची, आणि तिला पर्याय लागतच नाहीत. पूर्वी कृष्णेचं पाणी चढायला लागलं की हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, ज्याची हळद असायची त्याच्या जिवाची घालमेल व्हायची. त्यात निवडायचं काय असतं?

‘का कू करणं’ला समोर कुणीतरी विचारणारा हवा, एकटा माणूस का कू करत नाही. (जुन्या पुस्तकांत ‘कां कूं’ दिसेल, हे अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी गेले.) ‘आढेवेढे’ घेणाऱ्याचा होकार बहुतेक वेळा आत तयारच असतो, त्याला थोडा आग्रह हवा असतो. ‘कच खाल्ली’ म्हणजे ऐन वेळी धीर सुटून माघार. तुमच्या शेतकऱ्यानं तसं काही केलेलं नाही. धरसोड, चालढकल तर सोडूनच द्या.

उत्तर (वाई): मनाची नावं कशाला हवीत? ‘घुटमळला’ लिहा. हा पायांचा शब्द आहे. माणूस जात नाही, थांबतही नाही. ‘भाव ऐकून तो ढिगापाशीच घुटमळला. एक हळकुंड उचललं, मोडून बघितलं, परत टाकलं.’ पुढं ‘त्याचं मन द्विधा झालं होतं’ जोडलंत तर मात्र सगळं वाया.

उत्तर (कराड): पटलं. शेजारचा हमाल बोलणार असेल तर त्याच्या तोंडी ‘मागं-फुडं बघाय लागलाय’ द्या, नाहीतर ‘व्हय-न्हाय करतोय’.

प्रश्न (सांगली): ‘दोन्ही डगरींवर हात’ बसेल का? डगर म्हणजे नदीचा काठ, म्हणजे दोन काठांमध्ये अडकलेला.

उत्तर (वाई): नाही बसत. त्यात अडकणं नाही, हिशेब आहे. दोन्हीकडचा फायदा हातचा जाऊ न देणं. तुमच्या गोष्टीत एखादा दलाल असेल तर त्याच्यासाठी राखून ठेवा.