येऊरच्या जंगलातले पाणी: वडील आणि लहान मुलीसह कोणत्या वाटेने जावे?

वर्तकनगरवासी:

नमस्कार. मी ठाण्यात राहतो आणि रोज सकाळी वडिलांसोबत उपवन तलावाभोवती फेरी मारतो. वडील ७१ वर्षांचे आहेत. सपाट रस्त्यावर ते तासभर सहज चालतात, पण उतारावर त्यांचा गुडघा दुखतो. गेल्या रविवारी माझी नऊ वर्षांची मुलगीही आमच्यासोबत होती. तळ्यामागचा डोंगर पाहून तिने विचारले की, तिथल्या प्राण्यांना पाणी प्यायचे असेल तर ते या तळ्यावर येतात की त्यांचे वेगळे तळे असते. मला उत्तर देता आले नाही, आणि इतकी वर्षे या डोंगराच्या सावलीत राहून आपण तो फक्त खालून पाहिला, याची जाणीव झाली.

म्हणून जाणकारांना विचारतो. ठाणे आणि नवी मुंबईच्या आसपास जंगल आणि पाणी दोन्ही पाहता येईल अशी, अर्ध्या दिवसात होणारी आणि मुख्य म्हणजे नियमानुसार खुली असलेली वाट कोणती? कोणत्या महिन्यात जावे? बिबट्याबद्दल घरातून काळजी व्यक्त होते आहे, त्याविषयीही कृपया लिहावे.

करवंद:

आपल्या मुलीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण वाट कोणती निवडावी याचे उत्तर त्यातच आहे. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा पूर्वेकडचा, ठाण्याच्या अंगाचा भाग आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात विहार आणि तुळशी हे दोन मोठे जलाशय आहेत. मुंबईला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून ते अनुक्रमे १८६० आणि १८७९ मध्ये बांधून पूर्ण झाले. मात्र येऊरच्या उतारांवरच्या प्राण्यांची तहान प्रामुख्याने भागते ती ओहोळांवर, त्यांत उरणाऱ्या डोहांवर आणि वनविभागाने बांधलेल्या पाणवठ्यांवर. पावसाळ्यात पाणी सगळीकडे असते, त्यामुळे प्राणी विखुरलेले असतात. पाऊस थांबला की ओहोळांची धार हळूहळू बारीक होत जाते, थंडीनंतर खडकांच्या कुशीतले डोह तेवढे उरतात आणि एप्रिल-मेमध्ये तेही आटू लागले की बांधलेल्या पाणवठ्यांत बाहेरून पाणी आणून भरावे लागते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राण्यांची नोंद करण्याची प्रथा याच कारणाने आहे: पाणी मोजक्याच ठिकाणी उरलेले असते आणि चांदणे पुरेसे असते.

आता वाटेविषयी. उपवनच्या वर वनविभागाचे प्रवेशद्वार आहे आणि तिथून वर जाणारा डांबरी रस्ता आदिवासी पाड्यांपर्यंत पोहोचतो. आपल्या वडिलांसाठी चढाचा भाग वाहनाने पार करून वरच्या सपाटीवर चालणे योग्य ठरेल. या रस्त्याला फुटणाऱ्या पायवाटा मोहात पाडतात, पण हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार इथे परवानगीशिवाय फिरणे गुन्हा आहे. आत जायचे असेल तर वनविभागाच्या कार्यालयात आधी विचारून, परवानगी घेऊन आणि पाड्यावरच्या माहीतगार माणसाला सोबत घेऊनच जावे. त्याचा दुहेरी लाभ होतो, कारण वाटेतल्या प्रत्येक झाडाचा घरात काय उपयोग होतो हे त्याला ठाऊक असते. कारवी या रानझुडपाच्या काठ्यांवर शेणमाती लिंपून भिंत कशी उभी राहते, हे मी एका वारली आजींकडून शिकलो. ही कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते. इथे ती २०१६ मध्ये आणि त्यानंतर २०२४ मध्ये फुलली, म्हणजे आपल्या मुलीला पुढचा बहर २०३२ मध्ये पाहता येईल.

माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही पाच जण परवानगी घेऊन एका डोहापर्यंत गेलो होतो. पाण्यावर येणाऱ्या पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याच्या नादात आम्ही डोहाच्या अगदी काठाशी तासाहून अधिक वेळ बसलो. आमच्यासोबत आलेले पाड्यावरचे काका बराच वेळ गप्प होते. अखेर त्यांनी समोरच्या उतारावर बोट दाखवले. तिथे ऐनाच्या झाडाआड सांबराची मादी पिलासह उभी होती आणि आमच्या हालचालींमुळे तिला खाली उतरता येत नव्हते. काका एवढेच म्हणाले, "आता उठा, तिची पाळी आहे." ती तिथे किती वेळ थांबली होती हे आम्हाला कुणालाच सांगता आले नाही. त्या दिवसापासून मी उन्हाळ्यात पाण्याच्या काठाशी बसत नाही. पाणी दिसेल अशी उंचावरची जागा शोधतो, तिथे दहा-पंधरा मिनिटे शांत बसतो आणि परत फिरतो. आपणही मुलीला हेच दाखवावे: ओल्या मातीतले खूर आणि पंजे लांबूनही वाचता येतात.

बिबट्या इथे आहे, पण तो माणसाला टाळतो. त्याचा वावर मुख्यतः संध्याकाळनंतर आणि पहाटे असतो. म्हणून उजाडल्यावर निघावे आणि ऊन कलण्याच्या आत खाली यावे. मुलीला दोन मोठ्या माणसांच्या मध्ये चालवावे, तिला एकटीने पुढे धावू देऊ नये आणि झुडपांजवळ खाली वाकून बसू नये, कारण वाकलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसू शकतो. सापांसाठी पायात पूर्ण बूट असावेत आणि दगडाच्या कपारीत हात घालू नये.

पाणकोंबडी:

करवंद यांनी येऊरविषयी लिहिले आहेच; मी कान्हेरी सुचवते. ती याच जंगलात, बोरिवलीच्या बाजूने आहे आणि ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने जाता येते. उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून लेण्यांपर्यंत बस जाते. पायऱ्या आहेत, पण खालची लेणी पाहण्यासाठी फार चढावे लागत नाही.

तिथे शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर हा सगळा डोंगरच एक विचारपूर्वक केलेली रचना आहे. भिक्षूंच्या बहुतेक विहारांच्या शेजारी खडकात कोरलेले टाके आहे, आणि डोंगरावरून वाहून येणारे पावसाचे पाणी त्यात उतरावे म्हणून वर बारीक पन्हळी कोरलेल्या आहेत. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' असा शब्द आहे आणि ती दान करणाऱ्यांची नावेही नोंदलेली आहेत. पावसाळ्यात चार महिने कोसळणारे पाणी उरलेल्या आठ महिन्यांसाठी कसे धरून ठेवायचे, हा प्रश्न त्या लोकांनी छिन्नीने सोडवला. मुलीला हे प्रत्यक्ष दाखवता आले तर तिच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच मिळेल. माथ्यावर गेल्यास दाट जंगलामध्ये जलाशयाचे पाणीही दिसते, परंतु वडिलांनी तो चढ टाळावा. सोमवारी लेणी बंद असतात.

एक विनंती. उपवन रोज पाहता म्हणून ते साधे समजू नये. काठावरच्या ढोकऱ्या, खंड्या आणि पाण्यात सूर मारणारा पाणकावळा मुलीला आधी तिथे ओळखता आले, तर जंगलात तिची नजर लवकर बसेल.

बेलापूरची वाट:

नवी मुंबईच्या बाजूने कर्नाळा पक्षी अभयारण्य उत्तम आहे. पनवेलपासून साधारण १२ किलोमीटरवर महामार्गालगतच त्याचे प्रवेशद्वार आहे. १९६८ मध्ये ते घोषित झाले. किल्ल्याची चढण वडिलांना झेपणार नाही, आणि तिथल्या सुळक्यावर आग्या मधमाश्यांची पोळी असल्याने लहान मुलांना वर नेताना मीही विचार करतो. खाली मात्र हरियाल आणि मोरटाका या नावांच्या निसर्गवाटा आहेत. पावसाळ्यात ओढ्याकाठच्या मातीच्या उभ्या कडांमध्ये तिबोटी खंड्या बीळ करून पिले वाढवतो. तो चिमणीएवढाच असतो, पण त्याच्या अंगावरचे रंग पाहून मुले बोलायचीच थांबतात. त्याच्या बिळाजवळ गर्दी करू नये; पालक पक्षी तोंडात खाद्य घेऊन फांदीवर ताटकळत बसतात आणि पिले उपाशी राहतात.

खारघरच्या पांडवकड्याला पावसाळ्यात जाऊ नये, हे आग्रहाने लिहितो. सुमारे १०७ मीटरवरून पडणारा तो धबधबा लांबून पाहण्यातच समाधान मानावे. वनविभाग पावसाळ्यात तिथे प्रवेशबंदी करतो आणि त्यामागे ठोस कारण आहे: वरच्या डोंगरावर सर कोसळली की खाली ऊन असतानाही ओढ्याचे पाणी काही मिनिटांत वाढते. तिथे वाहून जाऊन माणसे दगावली आहेत. घोट्याएवढे पाणी पाहून ओलांडलेला ओढा परतताना कमरेएवढा असू शकतो.

वर्तकनगरवासी:

तिघांचेही मनापासून आभार. वडिलांना हे सारे वाचून दाखवले. पोढी हा शब्द ऐकून त्यांनी कान्हेरीचाच आग्रह धरला आहे. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरच्या अखेरीस तिकडे जाऊ. मुलगी मात्र पावसाळ्याआधी एकदा तरी येऊरला जायचेच म्हणते. मेमध्ये नेणे योग्य ठरेल का?

करवंद:

मेमध्ये नेऊ नका. पाणवठ्यांना तेव्हा सर्वांत कमी वर्दळ हवी असते. जूनमध्ये पहिले दोन-तीन मोठे पाऊस होऊन गेले की न्या आणि पायवाटेवर न शिरता वरच्या डांबरी रस्त्यानेच चाला. त्या दिवसांत शेतात साचलेल्या पाण्यात मोठ्या बेडकांचे नर हळदीसारखे पिवळेधमक होतात आणि त्यांचा आवाज रस्त्यावरूनही ऐकू येतो. नवरंग पक्षीही तोपर्यंत आलेला असतो. त्याची दोन सुरांची शीळ ऐकण्यासाठी थांबत थांबत चाला. वडिलांसाठी घडीची खुर्ची आणि काठी सोबत ठेवा, कारण ओल्या डांबरावर शेवाळ धरते.