आभार हुकमाने मानायचे का?

पाटीपेन्सिल:
तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात, प्रथमफळांचा एक विधी आहे, यरुशलेमचं मंदिर उभं होतं तेव्हाचा. शेतकऱ्याने मळ्यात जायचं, पहिलं अंजीर पिकायला लागलेलं दिसलं की त्याला लव्हाळं बांधून खूण करायची, हे प्रथमफळ असं म्हणायचं, आणि पुढे टोपली भरून यरुशलेमला न्यायची. तिथे पोचल्यावर जे बोलायचं ते मला भारी वाटतं. माझी जमीन, माझे कष्ट असलं काही नाही, सुरुवातच माझा बाप भटका अरामी (अराम प्रदेशातला) होता इथून, मग मिसरातली, म्हणजे इजिप्तमधली गुलामी, आणि सगळ्यात शेवटी, हे बघ देवा, तू दिलेल्या जमिनीचं पहिलं फळ आणलंय. ऐन सुगीत, घर भरलेलं असताना, आपण कुठून आलो ते चारचौघांत तोंडाने बोलायला लावायचं. नम्रता अशीच अंगात मुरते. मनातल्या मनात काय, सगळेच कृतज्ञ असतात.

तिरपागडा:
"बोलायला लावायचं", तूच लिहिलंयस बघ. ठरवून दिलेलं भाषण म्हणून दाखवणं म्हणजे कृतज्ञता होय? आणि नम्रतेचं म्हणशील तर श्रीमंत लोक सोन्याचांदीच्या टोपल्या आणायचे, त्या त्यांना परत मिळायच्या. गरिबाची साधी फोकांची टोपली मात्र फळांसकट याजकाच्या, म्हणजे मंदिरातल्या पुजाऱ्याच्या घरात. तालमूदमध्येच, म्हणजे ज्यू गुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात, यावर म्हण दिलीय, दारिद्र्य गरिबाच्याच मागे लागतं. म्हणजे त्यांनाही ते खुपलं होतंच की.

मावशीबोलतेय:
टोपलीचं खरंय रे, पण त्याच विधीतलं पुढचं का गाळलंस? ते भाषण हिब्रूत करायचं असायचं. आधी ज्यांना येतं ते स्वतः म्हणायचे, येत नाही त्यांना याजक एकेक वाक्य सांगायचा. झालं काय, न येणाऱ्यांना लाज वाटायला लागली आणि त्यांनी फळं आणणंच सोडलं. मग नियम केला की येवो न येवो, सगळ्यांनाच सांगायचं आणि सगळ्यांनी मागून म्हणायचं. मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या नियमसंग्रहात आहे हे. आणि मंदिराच्या डोंगरावर पोचल्यावर अग्रिप्पा राजासुद्धा स्वतःच्या खांद्यावर टोपली घ्यायचा. आता राजाला खांदा द्यायला लावणारा हुकूम मला तरी चालेल बाबा.

तिरपागडा:
मावशी, राजा वर्षातून एकदा टोपली उचलतो आणि लोक दोन हजार वर्षं कौतुक करतात, यातच सगळं आलं :) बरं, गणना ११ वाचा, तोरातल्याच 'गणना' पुस्तकाचा ११वा अध्याय. मिसरातून सुटल्यावर वाळवंटात रोज तोच मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, खाऊन लोक वैतागले, मिसरातले मासे, काकड्या, कांदा, लसूण आठवून रडले. जेवणाबद्दलच कुरकुर ना? तर लावे पक्षी आले आणि मांस दाताखाली असतानाच मरी आली. आभार माना नाहीतर मरा, असली कृतज्ञता वरच्यांच्याच सोयीची.

पाटीपेन्सिल:
त्याच अध्यायात मोशे, त्या लोकांचा पुढारी, देवाला काय बोलतो ते पण वाच की. ह्या लोकांना मी जन्म दिला का, हे ओझं मला एकट्याला झेपत नाही, त्यापेक्षा मला मारूनच टाक. लोकांपेक्षा कडक तक्रार आहे ही, आणि त्याला शिक्षा नाही, मदतीला ७० वडीलधारे मिळतात. पुढच्याच अध्यायात लिहिलंय की पृथ्वीवर मोशेइतका नम्र माणूस नव्हता. म्हणजे नम्र माणसाने गप्प बसावं असं कुठेय? ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम स्वतःला धूळ आणि राख म्हणवतो आणि त्याच दमात सदोम शहर वाचवायला, तिथे किती नीतिमान माणसं सापडली तर पुरे, यावर देवाशी ५० वरून १० पर्यंत घासाघीस करतो.

तिरपागडा:
मोशेला मदत आणि पब्लिकला मरी, माझाच मुद्दा झाला ना मग.

अलिबागचापोर:
आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. मंदिर इ.स. ७० मध्ये पडलं, टोपल्या थांबल्या, पण ते अरामीवालं भाषण पेसाहच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या रात्री हग्गादात (त्या रात्री वाचायच्या पोथीत) आम्ही अजून वाचतो. आणि नवस फेडायचा किंवा घरात काही चांगलं झालं की एलियाहू हनाबीचा (एलिया संदेष्ट्याच्या नावाचा) मलिदा असतो, पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतल्याचा वेगळा, एकेक उचलून म्हणायचा. लहानपणी मीपण नुसतं मागून म्हणायचो, लक्ष सगळं ताटातल्या खजुरावर. तिरपागडा म्हणतात तसं ते पाठांतरच, पण हुकूम कोणी सोडला नव्हता. आज्जी बोलवायची.

तिरपागडा:
आज्जीचा हुकूम वेगळ्या खात्यात जातो, तिथे मी वाद घालत नाही. गणना ११ चं उत्तर मात्र अजून कोणी दिलेलं नाही.