निवेदक, उद्घोषक की आरजे?

विविध भारतीच्या जाहिरात सेवेवर, म्हणजे मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवर, गाण्याच्या आगेमागे जे बोलायचे त्यांच्याबद्दल लिहायला घेतलंय. अडलंय ते पहिल्याच शब्दाला. त्यांना मराठीत म्हणायचं काय? 'उद्घोषक' लिहिलं की परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. 'आरजे', म्हणजे रेडिओ जॉकी, म्हणावं तर त्या काळी हा शब्दच नव्हता. 'निवेदक' जवळचा वाटतो, पण हल्ली सोसायटीच्या गणेशोत्सवात माइक धरणाऱ्यालाही निवेदकच म्हणतात. जाणकारांनी मत द्यावं.

प्रतिसाद

'निवेदक'च लिहा, बेधडक लिहा.

'विद्' म्हणजे जाणणं. त्याचं प्रयोजक रूप 'वेदय्', म्हणजे जाणवून देणं, आणि मागे 'नि' हा उपसर्ग. देवापुढे ठेवायचा तो नैवेद्य याच घरातला. मोर्चा कलेक्टर कचेरीवर जातो आणि निवेदन देतो, तेही हेच. मांडणारा खालच्या पायरीवर, ऐकणारा वरच्या, हे नातं शब्दातच आहे. 'उद्घोष'चं तसं नाही. उद् अधिक घुष्, म्हणजे उंच आवाजात जाहीर करणं. फलाटावर गाडी उशिरा येत असल्याचं सांगतात ती उद्घोषणा. आकाशवाणीत पदाचं नाव उद्घोषक असेल, नैमित्तिक उद्घोषकांची भरतीही त्याच नावाने होते, पण घरात रेडिओ ऐकताना 'आज कोण उद्घोषक आहे गं?' असं कुणी विचारत नसे. 'आज निवेदनाला कोण आहे?' असं विचारत.

बातम्यांपुरतं पाहा. आपण 'वृत्तनिवेदक' म्हणतो, आणि रेडिओवरचं ठरलेलं वाक्य 'बातम्या देत आहे' असंच असतं. 'वाचत आहे' असं नसतं. देणं आणि निवेदणं एकाच वळणाची क्रियापदं.

प्रतिसाद

वरचं पटलं, पण शंका आहे. ही मंडळी होती जाहिरात सेवेवर. साबण, टूथपेस्ट, डोकेदुखीच्या गोळ्या यांच्या मधोमध बोलणारी. विक्रीच्या कामाला 'निवेदन' हा इतका सोवळा शब्द शोभतो का?

प्रतिसाद

शोभतो. त्यासाठी थोडा इतिहास.

१९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. (नभोवाणी हा आपला जुना शब्द. 'आकाशवाणी' रुळल्यावर तो मागे पडला, तरी नभोनाट्यात अजून टिकून आहे.) त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं आणि श्रोते सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या रेडिओकडे, वळले. रेडिओ सिलोनला जाहिराती चालत, आपल्याकडे चालत नव्हत्या. बिनाका गीतमाला, म्हणजे लोकप्रिय सिनेगीतं क्रमवारीने ऐकवणारा कार्यक्रम, १९५२ सालीच तिथे सुरू झाली. गंमत अशी की ती सादर करणाऱ्या अमीन सयानींचा आवाज कोलंबोहून यायचा, पण ते बोलायचे मुंबईत. इथे ध्वनिमुद्रण व्हायचं, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि बुधवारी रात्री आठला तोच आवाज समुद्र ओलांडून परत मुंबईच्या घराघरांत यायचा.

विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ला सुरू झाली ती याला उत्तर म्हणून. तरीही जाहिराती यायला आणखी दहा वर्षं गेली. १ नोव्हेंबर १९६७ या दिवशी मुंबई, पुणे आणि नागपूर इथून जाहिरात सेवा सुरू झाली. म्हणजे देशातल्या सरकारी रेडिओवरची व्यापारी सेवा पहिल्यांदा ऐकली ती महाराष्ट्राने.

आता शब्द बघा. त्या सेवेचं हिंदी नाव होतं 'विज्ञापन प्रसारण सेवा'. हिंदीत विज्ञापन म्हणजे जाहिरात. आपल्याकडे मात्र पेशवाई पत्रांतलं 'विज्ञापना ऐसीजे' आठवा. धाकट्याने थोरल्याला लिहिताना घालायची ती ओळ. 'जाहिरात' आली अरबी 'जाहीर'वरून, तिच्यात उघड करणं आहे. 'विज्ञापना'त विनंती आहे. तेव्हा विज्ञापन सेवेवर निवेदक बसणं मराठी कानाला अजिबात खटकू नये. दोन्ही शब्द ऐकणाऱ्याला मोठा मानतात.

आणि विक्री कोण करत होतं? जाहिरात टेपवर तयार होऊन यायची, जिंगलसकट, दहा-पंधरा सेकंदांची. निवेदक ती वाचत नसे. त्याचं काम दोन जाहिरातींमधली जागा राखणं. चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार ही चार नावं स्पष्ट सांगायची, फर्माईश असेल तर पत्रं पाठवणाऱ्यांची गावं-नावं घ्यायची आणि बाजूला व्हायचं.

हे बाजूला होणं फार कौशल्याचं काम होतं. तबकडी फिरत्या चकतीवर ठेवायची, सुई गाण्याच्या पहिल्या सुरावर आणायची, मग तबकडी हाताने थोडी उलटी फिरवून बोटाने धरून ठेवायची. तोंडाने निवेदन चालू. संगीतकाराचं नाव उच्चारून झालं की बोट उचलायचं आणि दुसऱ्या हाताने आवाजाचा खटका वर घ्यायचा. बोट लवकर उचललं तर सुरावटीवर नाव चढायचं, उशिरा उचललं तर मध्ये मुका क्षण पडायचा. तबकडी पुरेशी मागे नेली नसेल तर वेग घ्यायच्या आत सूर उमटायचा आणि पहिला स्वर रडका निघायचा. श्रोत्याला यातलं काही कळायचं नाही. त्याला फक्त वाटायचं की नाव संपलं आणि गाणं आपोआप उगवलं. मला त्या पिढीबद्दल जी माया वाटते ती यासाठी. इतकी मेहनत, आणि पुष्कळांनी स्वतःचं नावही कधी सांगितलं नाही. आवाज ओळखून आपणच ठरवायचं, आज सकाळच्या त्या बाई आहेत की दुपारचे ते गृहस्थ.

प्रतिसाद

मग आरजेंना तुम्ही कमी लेखता का? माझी पिढी त्यांच्यावरच वाढली.

प्रतिसाद

मुळीच नाही. ते वेगळं काम आहे, म्हणून शब्द वेगळा हवा, एवढंच.

१९९३ मध्ये आकाशवाणीने मुंबई-दिल्लीत एफएमवरचा वेळ खासगी कंपन्यांना द्यायला सुरुवात केली, २००१-०२पासून खासगी वाहिन्याच आल्या. तिथे माणूस गाण्याच्या पुढे आला. त्याचं नाव, मतं, शहराशी चाललेली बाचाबाची, तोच कार्यक्रम. 'आरजे' तर नावाचाच भाग झाला. आरजे मलिष्का म्हटलं की आडनावाची गरज लागत नाही, आणि मुंबईच्या खड्ड्यांवर २०१७ साली तिने केलेलं गाणं महापालिकेपर्यंत पोचलं. निवेदकाने हे केलं नसतं, त्याच्याकडून ती अपेक्षाही नव्हती. हा शब्द मराठीत रुळलाय, त्याला ओढूनताणून पर्याय शोधू नये. फक्त तो मागच्या काळाला चिकटवू नये. २०२४च्या फेब्रुवारीत अमीन सयानी गेले तेव्हा त्यांना 'देशातले पहिले आरजे' म्हटलेलं वाचलं आणि वाईट वाटलं. गौरवाच्या भावनेनेच लिहिलं असेल, पण त्या माणसाची घडण वेगळी होती. आई कुलसुम सयानी गांधीजींच्या सांगण्यावरून 'रहबर' नावाचं पाक्षिक काढत, सोप्या हिंदुस्थानीत, देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत. मुलगा त्या कामात मदतीला असे. 'बहनो और भाइयो' ही साद त्या साधेपणातून आलेली आहे. गाण्याच्या क्रमाला ते 'पायदान' म्हणत. आपण घरी पायरी म्हणायचो, पण गीतमालेपुरतं मराठी घरातही 'या आठवड्यात कितव्या पायदानवर?' असंच विचारलं जायचं.

प्रतिसाद

बाळ कुडतरकरांना काय म्हणाल?

प्रतिसाद

त्यांना एका शब्दात कोंबू नका. 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकामालेतले पंत तेच, 'कामगार सभा' या कार्यक्रमातले तेच. ते सगळं मुंबई केंद्राच्या मूळ सेवेवरचं, जाहिरात सेवेवरचं नव्हे. 'आकाशवाणीचे कलावंत' लिहावं.

प्रतिसाद

मूळ प्रश्नकर्त्यासाठी वापरापुरतं सांगतो. रेडिओवरचे ते 'निवेदक' आणि 'निवेदिका', कामाचं नाव 'निवेदन'. मंचावर कार्यक्रम पुढे नेणाऱ्याला 'सूत्रसंचालक' म्हणा. तो शब्द नाटकाच्या सूत्रधाराच्या नात्यातला आहे, म्हणजे गणेशोत्सवाची तुमची अडचणही सुटेल. सुधीर गाडगीळ, मंगला खाडिलकर यांच्यासारखे लोक मंचावर असूनही निवेदक म्हणवले गेले, कारण त्यांचं बोलणं गाण्यासाठी जागा करून देणारं होतं. तिथे अडून बसू नका. 'उद्घोषक' फक्त पदनाम देताना, तेही अवतरणात. सयानींना 'गीतमालेचे निवेदक' लिहिलं तर त्यात काही उणं राहत नाही.

आणि लेखात ज्यांची नावं कळली नाहीत त्यांच्यासाठी 'एक निवेदिका' एवढंच लिहून सोडू नका. केंद्र, कार्यक्रम, साधारण वर्षं आणि त्यांचं एखादं ठरलेलं वाक्य नोंदवा. पुण्या-नागपूरचे वाचक आवाजावरून नाव सांगतील.