मदत हवी आहे: घरी मित्रमंडळी आणि त्यांची मुलं जमतात, पण निवांत गप्पा होतच नाहीत

अंगणवेल
येत्या शनिवारी सगळे पुन्हा आमच्याकडे आहेत, त्यामुळे जरा लवकर सांगा. कॉलेजपासूनचा ग्रुप आहे, आता सगळ्यांना मुलं झालीत. आळीपाळीने कुणाच्या तरी घरी जमतो, ते केवळ गप्पांसाठी. पहिला अर्धा तास बरा जातो, मग एक वाक्य पुरं होत नाही. "आई, यानं माझं घेतलं", कुणीतरी रडतंय, कुणीतरी बेडरूमची कडी आतून लावून बसलंय. साडेनऊला पानं घ्यावीत तर निम्मी मुलं पेंगुळलेली, निम्मी चेकाळलेली. मग एकेक जण चपला घालायला लागतो.

टीव्ही लावून द्या हे सोडून सांगा. "मुलांना आणू नका" हे तर नकोच, मुलांची आपसात मैत्री व्हावी म्हणूनच घरी जमतो. काय करू?

खिडकीपाशी
मुलांची वयं? किती जण? खोल्या किती? हे कळल्याशिवाय सांगितलेलं सगळं हवेत जाईल.

मधली_सुट्टी
खजिन्याचा शोध! आमच्याकडे दर वेळी हाच असतो. सकाळीच चिठ्ठ्या लपवून ठेवायच्या. पहिल्या चिठ्ठीत दुसरीचा ठावठिकाणा, दुसरीत तिसरीचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्र काढायचं: उशी, बूट, बादली. दोन वाचणारे आणि दोन न वाचणारे अशी टोळी केली की मोठ्यांना धाकट्यांची गरज पडते, कारण पलंगाखाली शिरतं धाकटंच. शेवटी जे सापडेल ते सगळ्यांचं मिळून एक असावं, नाहीतर वाटणीवरून पुन्हा रडारड. रंगांचा मोठा खोका उत्तम.

शनिवारकर
ताई, माझं मत नेमकं उलट आहे. खेळ मोठ्यांनी आखला की दर पाच मिनिटांनी "आता काय करू?" विचारायला मुलं मोठ्यांकडेच येतात. जुन्या चादरी, कपड्यांचे चिमटे, रिकामे खोके एका खोलीत टाका आणि बाहेर या. थोडी कंटाळतील, कुरकुरतील, मग त्यांची ती घर बांधतील. फुगेही ठेवा भरपूर, स्वस्त आणि मस्त.

आणि तुमच्या मुलाची जिवापाड जपलेली खेळणी आधीच कपाटात ठेवा. ती कोणती, हे त्यालाच ठरवू दे. अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

मधली_सुट्टी
@शनिवारकर, खजिना एकदा सुरू झाला की कुणी विचारायला येत नाही, हे मी अनुभवाने सांगतेय. चादरीचं घर पाचव्या मिनिटाला कुणाच्या तरी अंगावर येतं.

शनिवारकर
अंगावर आलं तर पुन्हा बांधतात. खेळ तोच आहे.

दोन_पिल्लं
जाताना प्रत्येक मुलाच्या हातात काहीतरी नक्की द्या. कुंडीत लावायला बिया किंवा छोटी वही छान वाटते. प्लास्टिकचं काही नको.

खिडकीपाशी
वाढदिवस नाहीये हो. धागाकर्तीने भेटींचं विचारलेलंही नाही. वयं सांगा ना कुणीतरी.

रामप्रहर
गोड आधी देऊ नका, एवढंच सांगेन. साखर पोटात गेली की मुलं उधळतात. माझी नातवंडं रोज बघतो.

खिडकीपाशी
काका, आदर ठेवून सांगते, हे तपासून झालंय. १९९५ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आधीच्या प्रयोगांचा एकत्र आढावा आला होता. साखरेने मुलांच्या वागण्यात फरक पडतो असं त्यात दिसलं नाही. त्याच्या आदल्या वर्षीच्या एका प्रयोगात आयांना सांगितलं की मुलाला साखर दिलीय. प्रत्यक्षात दिली नव्हती, तरी त्या आयांना मूल जास्त चंचल वाटलं. दातांसाठी गोड कमी द्या, जरूर. पण मुलं चेकाळतात ती दमल्यामुळे, भुकेमुळे आणि गोंगाटामुळे.

रामप्रहर
बरं. तरी जेवणाआधी गोड दिलं की मूल जेवत नाही, हे तरी मान्य कराल.

खिडकीपाशी
ते शंभर टक्के.

अंगणवेल
दिवसभर ऑफिसमध्ये होते, आत्ता बघतेय. आम्ही मोठे आठ, मुलं सात. सर्वांत धाकटं दीड वर्षाचं, मग तीन, पाच, सहा (माझा), सात, आठ, आणि सर्वांत मोठी तेरा वर्षांची. हॉल आणि दोन बेडरूम. नवरा स्वयंपाकघरात असतो, मी वाढायला. बहुतेक सगळे सातपर्यंत येतात. आणि टोळ्या वगैरे करून मला त्यात गुंतायचं नाहीये, मला बसायचंय!

जुनी_सतरंजी
दीड आणि तेरा! मग हे आधी सांगायला हवं होतं. 🙂 आमच्याकडे अशी मंडळी सतत असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं, फुगे अजिबात नकोत. फुटलेल्या रबरी फुग्याचा तुकडा तोंडात गेला तर घशात चिकटून श्वास बंद होतो. तसंच मोठ्यांसाठी टीपॉयवर मांडलेले अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न. दीड-तीन वर्षांच्या मुलाच्या हाताला नेमकी ती उंची येते. द्राक्षं उभी चिरा, बाकीचं वर ठेवा. रिमोटच्या आणि वाजणाऱ्या खेळण्यांच्या मागचं झाकण सैल नाही ना तेही बघा. आतली बटणासारखी बॅटरी गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. बादली रिकामी करून बाथरूमचं दार बंद. इतकुसं मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडतं.

दुसरं, साडेनऊचं जेवण हेच तुमचं दुखणं आहे. मुलं येतात तीच भुकेने. आल्या-आल्या सव्वासातला त्यांना खाली चादर टाकून बसवा आणि जेवू घाला. तिखट नसलेलं, हाताने खाता येईल असं, एकच पदार्थ पोटभर. आठपर्यंत त्यांचं आटपतं आणि तुमची रात्र मोकळी होते.

तिसरं म्हणजे पाळी. आठ मोठे घरात असले की प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी बघतोय, आणि प्रत्यक्षात कुणीच बघत नसतं. म्हणून एका वेळी एकच जण, वीस मिनिटं, मुलांच्या खोलीत. हातात फोन नाही, खेळवायचंही नाही, फक्त तिथे बसायचं. आम्ही पाळीवाल्याच्या खांद्यावर एक लाल पंचा टाकतो. पंचा ज्याच्या खांद्यावर, तक्रार त्याच्याकडे. मुलांना हे इतकं पटकन कळतं की ती आईला सोडून सरळ पंचा शोधत जातात. बाकी सात जण खरोखर बसलेले असतात.

दाराच्या वरच्या कडेवर टॉवेल टाकून ठेवा, दार बंदच होत नाही. कडी लागत नाही, बोटं चेमटत नाहीत.

मधली_सुट्टी
पाळी कशाला? तेरा वर्षांची ताई आहे ना! तिला प्रमुख करा, तिलाही जबाबदारीचं वाटेल.

जुनी_सतरंजी
नको. तीसुद्धा पाहुणी आहे. सहा लहान मुलं संध्याकाळभर तिच्या गळ्यात घालायची आणि आपण हसत बसायचं, हे मला पटत नाही.

मधली_सुट्टी
आम्ही सगळे असेच धाकट्यांना सांभाळत मोठे झालो.

जुनी_सतरंजी
झालो. आपल्याला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

अंगणवेल
तिची आई मागच्या वेळी म्हणाली होती की ती यायलाच तयार नव्हती. मला वाटलं अभ्यास असेल. दर वेळी धाकट्यांना तीच घेऊन बसते, हे आत्ता डोळ्यांसमोर आलं.

खिडकीपाशी
मग तिला आधी फोन करून विचारा, तुला काय आवडेल. त्या वयात मोठ्यांच्या गप्पांत बसू दिलं तर खूप आवडतं. तुमच्या नवऱ्याबरोबर स्वयंपाकघरात काही करायला आवडलं तर तेही छान.

तीन वर्षांच्यांकडून एकत्र खेळाची अपेक्षा ठेवू नका. मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्येच मांडलंय की या वयात मुलं शेजारी-शेजारी, पण आपापलं खेळतात. एकच खेळणं देण्यापेक्षा सारख्याच दोन-तीन वस्तू द्या. डाव आणि वाट्या पुरतात.

शनिवारकर
फुग्यांचं माहीत नव्हतं, मागे घेतो. गोंगाटाबद्दल एक सांगतो. आवाज वाढला की माणूस नकळत आणखी मोठ्याने बोलतो, याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. उघडी फरशी आणि उघड्या भिंती असल्या की तो घुमतो. मुलांच्या खोलीत सतरंज्या, गाद्या, उशा पसरा, पडदे ओढा. फरक कानाला कळेल. आणि हॉलमध्ये आठही जणांच्या खुर्च्या एका गोलात मांडू नका. एका गप्पेत साधारण चारच माणसं नीट सामावतात, मग आपोआप दोन गट पडतात. बसायच्या दोन जागा करा.

दोन_पिल्लं
भिंतीवर तेलकट खडू घासले तर ओल्या फडक्यावर खायचा सोडा घेऊन हलके पुसा. आधी कोपऱ्यात बघा, रंग जातो का.

अंगणवेल
सव्वासातचं जेवण आणि पंचा, दोन्ही करणार. चादरी आणि चिमटेही काढून ठेवते, खजिना पुढच्या वेळी. पण पाळीचं मित्रांना कसं सांगू? एक-दोघे तोंड वाकडं करतील. शिवाय एक जोडपं कायम आठनंतर उगवतं, त्यांची दोन मुलं, सातचा आणि आठचा.

जुनी_सतरंजी
आदल्या दिवशी ग्रुपवर टाका: "उद्या मुलांचं जेवण सव्वासातला. प्रत्येक मोठ्याची मुलांजवळ वीस मिनिटांची एक पाळी, क्रम खाली लिहिलाय, वेळ जमत नसेल तर आपसात बदला." विचारू नका, कळवा. पहिली पाळी नवऱ्याला घ्यायला सांगा, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहत नाही. तेवढा वेळ स्वयंपाकघर कुणीतरी बघेल.

उशिरा येणाऱ्यांसाठी बाकीच्यांना ताटकळत ठेवू नका. त्या दोघांचं झाकून बाजूला काढा, आले की वाढा. फक्त दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका, त्यानंतर फ्रिजमध्ये. आणि आठनंतरच्या पहिल्या दोन पाळ्या त्या जोडप्याला द्या.

अंगणवेल
क्रम लिहायला घेतला. तेरा वर्षांच्या मैत्रिणीला आत्ताच मेसेज केलाय.