जुने गोवे : सेंट ऑगस्टीनचा मनोरा आधी पाहावा की शेवटी?

सातारचा प्रवासी
आई-वडिलांसह पणजीत मुक्काम असून एक सकाळ जुन्या गोव्यासाठी राखली आहे. बॉम जेझूची बॅसिलिका आणि से कॅथेड्रल पाहून झाल्यावर टेकडीवरच्या पडक्या मनोऱ्यापर्यंत जाण्यासारखे काही आहे का, की खालून दर्शन घेतले तरी पुरते? वडिलांना फार चढ झेपत नाही.

मांडवीकाठ
माझे आग्रहाचे सांगणे आहे की सुरुवात तिथूनच करावी. हा मनोरा सुमारे ४६ मीटर उंच असून, १६०२ मध्ये पूर्ण झालेल्या ऑगस्टिनियन पंथीयांच्या भव्य चर्चचा तो उरलेला तुकडा आहे. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केल्यावर वास्तू ओस पडली, १८४२ मध्ये छताची कमान कोसळली आणि १९३१ मध्ये दर्शनी भागासह मनोऱ्याचा निम्मा भाग ढासळला. बांधकाम जांभ्याचे आहे. त्यावरचा चुन्याचा गिलावा गेला की गोव्याच्या पावसात हा दगड झिजत जातो, हे तिथे डोळ्यांना दिसते. आत गेल्यावर जमिनीतील थडग्यांच्या शिळा, बाजूच्या उपासनागृहांचे चौथरे आणि भिंतींवरचे रंगीत फरशांचे अवशेष पाहिले, म्हणजे हे नगर एके काळी केवढे होते याचा अंदाज येतो, आणि मग खालची दोन्ही चर्च अधिक नीट समजतात. येथील घंटा १८७१ पासून पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये आहे. तुमचा मुक्काम तिथलाच असल्याने तीही अवश्य पाहावी.

इतिहासप्रेमी
एक महत्त्वाची भर घालतो. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये शिराझ येथे ठार करण्यात आले आणि ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिचे काही अवशेष या मठात आणले. पोर्तुगीज नोंदींच्या आधारे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने येथील उत्खननात शोधलेल्या अस्थींची हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत डीएनए तपासणी झाली, आणि २०२१ मध्ये भारताने त्यांतील अवशेष जॉर्जियाला सुपूर्द केले. केवळ मनोऱ्याचे छायाचित्र घेऊन परतणाऱ्यांना हे कळतही नाही, याचे मला फार वाईट वाटते.

मांडवीकाठ
वडिलांच्या चढाविषयी लिहायचे राहिले. गाडी टेकडीवर अवशेषांच्या जवळपर्यंत जाते, त्यामुळे चढण टळेल. आतली जमीन मात्र उंचसखल असल्याने त्यांना हाताचा आधार द्यावा. सावली कमी आहे, तेव्हा ऊन चढण्यापूर्वी पोहोचावे.