अनुभव धागा : स्त्रीवादाचे ऑडिओबुक ऐकताना

गोदाकाठ :
स्त्रीवादाची तोंडओळख करून देणारे एक ऑडिओबुक मी आठवडाभर सकाळी पोळ्या लाटताना ऐकत आहे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क दिला, परंतु त्याआधी लग्न झालेल्यांना त्यातून वगळले आणि ती उणीव २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने भरून निघाली, असे निवेदिका सांगत होती, तेवढ्यात माझी पोळी करपली. माझ्या आईने २००७ साली हक्कसोडपत्रावर सही केली होती. मामाने त्या दिवशी दिलेले लुगडे तिने अजून नेसलेले नाही. "माहेर तुटायला नको," असे ती म्हणाली होती आणि मी तिला भित्री ठरवले होते. आपणांस ऐकताना काय आठवले, ते अवश्य लिहावे.

शेवगा :
आमच्याकडे लुगड्याऐवजी पैठणी होती, एवढाच फरक.

निळीशाई :
१८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या होत्या, हे मला बुलढाण्यातच दहावीपर्यंत शिकूनही कोणी सांगितले नव्हते. सुरतेच्या एका विधवेला झालेल्या शिक्षेचे निमित्त करून वर्तमानपत्रे समस्त स्त्रीजातीला दूषणे देत होती, म्हणून त्या बाईंनी लेखणी उचलली, हे मला चाळिसाव्या वर्षी एसटीत, कानात इअरफोन घालून कळावे, याचा राग अधिक आला.

सह्यकडा :
मी पुरुष आहे, तरी लिहितो. कोल्हापूरला जाताना गाडीत रखमाबाईंचे प्रकरण लागले होते. नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगा, असा निकाल १८८७ साली न्यायालयाने दिला, तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. बाबा म्हणाले, "हे बंद कर, गाणी लाव." मागच्या सीटवरून आई म्हणाली, "राहू दे, मी ऐकते आहे." चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्यांचे म्हणणे असे मोडलेले मी पाहिले नव्हते.

शेवगा :
काकूंनी पुढची प्रकरणे ऐकली का?

सह्यकडा :
ऐकली, तीही दीडपट वेगाने. बाबा आता चहा स्वतः करतात. साखर मात्र अजून विचारूनच घालतात.

गोदाकाठ :
काल आईला ते वारसाहक्काचे प्रकरण ऐकवले. तिने ते शेवटपर्यंत ऐकले, पण काही बोलली नाही. तिच्या वाट्याला किती जमीन आली असती, असे मी सहज विचारले, तर भाजी निवडता निवडता, मान वर न करताच ती म्हणाली, "सव्वीस गुंठे. विहिरीकडचे."