वरच्या मजल्यावरचे आवाज: छताचं साउंडप्रूफिंग कसं करावं?

बेडरूम_१०बाय१२
आरसीसी इमारत, स्लॅब साधारण ५ इंची, उंची साडेनऊ फूट. वरच्या घरात खुर्ची सरकवली, भांडं पडलं, कुणी टाचा आपटत चाललं की बेडरूममध्ये लख्ख ऐकू येतं. बोलणं किंवा टीव्ही मात्र ऐकू येत नाही. पीओपीवाला म्हणतो, साधं फॉल्स सीलिंग करून वर ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापसासारखा थर) टाकू. दुसरा म्हणतो, छताला फोम चिकटवा. कुणाचं ऐकावं? पंखा आहे तिथेच हवा आहे.

स्लॅब_आणि_बीम
फोम नको. फोमने खोलीतला आवाज घुमायचा थांबतो, वरचा आवाज अडत नाही. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांनीही वरचा आवाज अडत नाही.

५ इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला ३०० किलोच्या आसपास असतं, म्हणूनच तुम्हाला टीव्ही ऐकू येत नाही. तुमचा त्रास आघाताच्या आवाजाचा आहे. खुर्ची थेट स्लॅबला हादरवते आणि तुमचं छतच आवाज करू लागतं. साध्या फॉल्स सीलिंगमध्ये लोखंडी पट्ट्या स्लॅबला घट्ट बोल्ट केलेल्या असतात, त्यांतून तो हादरा बोर्डात उतरतो. त्यातही बोर्ड एकच आणि पोकळी दोन-तीन इंचांची असेल, तर छत ढोलासारखं वाजतं आणि धपका पहिल्यापेक्षा मोठा वाटू शकतो.

म्हणून रबर बसवलेले हँगर (स्लॅबपासून फॉल्स सीलिंग लटकवणारे तुकडे) लागतील. १०×१२ फुटांसाठी हिशेब असा: १२.५ मिमी जिप्सम बोर्डाचे दोन थर, ६×४ फुटी बोर्ड प्रत्येक थराला ५, तूटफूट धरून एकूण १२ आणा. वजन बोर्डांचं सुमारे २०० किलो, चॅनल (लोखंडी पट्ट्या) आणि वूल धरून २५०. हे १२ हँगरवर वाटलं की प्रत्येकावर २१ किलो येतात. हँगर घेताना त्याची भारमर्यादा विचाराच. फार दणकट हँगर घेतला तर रबर दबतच नाही, मग तो असून नसल्यासारखा.

इंटरमीडिएट चॅनलच्या (हँगरला लटकणाऱ्या मुख्य पट्ट्यांच्या) तीन ओळी ४ फुटांवर, प्रत्येक ओळीत चार हँगर अडीच फुटांवर. खाली सीलिंग सेक्शन (ज्यांना बोर्ड स्क्रूने बसतो त्या आडव्या पट्ट्या) दीड-दीड फुटावर. पोकळी ४ इंच ठेवा, त्यात ५० मिमी जाडीचं, ४८ घनतेचं (घनमीटरला ४८ किलो) रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंचं वूल. दाबून कोंबू नका. पहिल्या थराला २५ मिमी स्क्रू, दुसऱ्याला ३५ मिमी, आणि दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येता कामा नयेत.

सगळ्यात जास्त काम बिघडतं ते भिंतीच्या कडेला. बोर्ड भिंतीला टेकवायचाच नाही. ५ मिमी फट सोडून ती अकूस्टिक सीलंटने (सुकल्यावरही लवचीक राहणाऱ्या भरावाने) भरा. कारागीर सवयीने तिथे पीओपी भरतो. पीओपी कडक होतं आणि भिंतीचा हादरा बोर्डात पोचतो. त्या वेळी समोर उभे राहा.

कंपन_मापक
वरचं सगळं बरोबर, पण अपेक्षा आधीच नीट ठरवा. या रचनेची स्वतःची कंपनसंख्या, म्हणजे ती ज्या वेगाने सहज थरथरते तो वेग, ४५-५० हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढी कंपनं) आसपास येते. फायदा साधारण ७० हर्ट्झपासून पुढे दिसू लागतो. खुर्चीची करकर, भांड्याचा ठणका चांगलाच कमी होईल. अनवाणी टाचेच्या धपक्याचा बराचसा जोर १०० हर्ट्झच्या खाली असतो, तो थोडाच उतरेल.

खर्च करण्याआधी एक तपासणी करा. वर आवाज चालू असताना बेडरूमच्या भिंतीला कान लावा. भिंतीतही तेवढाच ठणठणाट असेल तर हादरा बीम आणि भिंतींतून उतरतोय, निव्वळ छत करून निम्मंच काम होईल.

आणि स्लॅबला ओल असेल तर आधी गळती बंद करा. हातोडीच्या दांड्याने छत ठोकून बघा. पोकळ आवाज आला तिथे फास्टनर (हँगर पकडणारा बोल्ट) मारायचा नाही.

बेडरूम_१०बाय१२
वरच्या काकूंशी बोलणं चांगलं आहे. त्यांच्याकडे काही करता येईल का? आणि पंख्याचं काय?

स्लॅब_आणि_बीम
मग सुरुवात तिथूनच करा, आघात उगमाशी अडवण्याइतकं स्वस्त काही नाही. खुर्च्या-टेबलांच्या पायांना जाड फेल्ट (प्लास्टिकच्या टोप्या नकोत, त्या कडक असतात), तुमच्या बेडरूमवर येणाऱ्या खोलीत अंडरले (गालिच्याखालचा मऊ थर) घातलेला गालिचा, मिक्सरखाली रबराची चटई. महिनाभर बघा, मग छताचं ठरवा.

पंखा स्लॅबमधल्या हुकालाच राहू द्या, फक्त दांडा ६ इंच लांब घ्या. बोर्डातलं भोक दांड्यापेक्षा सगळीकडून १० मिमी मोठं ठेवा आणि फट सीलंटने भरा. पंख्याची वाटी बोर्डाला घासता कामा नये, नाहीतर रात्रभर पंख्याचीच घरघर ऐकावी लागेल. स्पॉटलाइटसाठी भोकं पाडू नका, बोर्डावर बसणारे एलईडी पॅनल घ्या. ड्रिल करण्याआधी स्लॅबमधले वायरिंगचे पाइप कुठून गेलेत ते इलेक्ट्रिशियनकडून खुणा करून घ्या.